चंद्राक्काची रुटाबाई

चंद्राक्काला जाऊन दोन उन्हाळे झाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, झोपेत गेली, कुणाला उशापायथ्याला बसावं लागलं नाही. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं आणि मी रडले नाही. पण थंडी पडली की गल्लीतल्या बायका अजून मला विचारतात, अक्का असती तर आज काय म्हणाली असती. मला हवेतलं काही कळत नाही. ते तिलाच कळायचं. दर वेळी तेच ते सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते. चौथीपर्यंत शिकलेली आहे, अक्षर बरं आहे, तेवढं पुरे.

आमचं गाव तेरच्या अलीकडं, तेरणेच्या काठाला. अक्काचं घर आणि माझं घर यांच्यात एक भिंत. पंचेचाळीस वर्षं त्या भिंतीवरून आमचं बोलणं चालायचं. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, उंच, काळीसावळी, चालणं असं की बरोबर जाणाऱ्याला पळावं लागायचं. हसली की पारावरच्या माणसांना ऐकू जायचं. शाळेचं तोंडही तिनं पाहिलेलं नव्हतं. अंगठाच.

तिची एक सवय होती. सकाळी दार उघडलं की आधी अंगणात उभी राहायची, डोक्यावरचा पदर मागं सारायची आणि मान वर करून हवा घ्यायची. कुत्रं घेतं तशी. मग आत जाऊन मिठाच्या बरणीत बोट घालायची. मीठ सुटं असलं तर एक मनसुबा, ओलसर असलं तर दुसरा. गल्लीत कुणीही काहीही करायला निघालं की तिचा एकच प्रश्न असायचा, "हवेला इचारलंस का?" पापड लाटायचे असोत, गोधडी धुवायची असो, माणूस धाराशिवला तारखेला निघालेला असो, हवेला विचारलं का. माझ्या धाकट्या मुलाला मुलगी बघायला आम्ही निघालो तेव्हाही तिनं तेच विचारलं. मी म्हणाले, "अक्का, पोरगी बघायची हाय, वाळत घालायची न्हाय." ती हसत सुटली ती गाडी वळणावर जाईपर्यंत.

पण तिचं खरं व्हायचं, हे मान्य केलं पाहिजे. एका उन्हाळ्यात सगळ्या गल्लीनं मिळून कुरडया घातल्या. अक्का म्हणाली आज नको, मीठ चिकटतंय. ऊन तर असं की जमिनीवर पाय ठेववत नव्हता. आम्ही तिला वेडी ठरवली आणि माळवदावर साड्या अंथरून चीक घातला. तिनं स्वतःचा चीक तसाच झाकून ठेवला. चारच्या पुढं आभाळ दाटलं, पाऊस पडला नाही, पण कुरडया रात्रभर ओल्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी आंबल्या. त्यानंतर तिनं हो म्हटल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणी चीक शिजवला नाही. माझं माहेर तेरखेडा. तिथं घरोघर फटाक्याची दारू, आणि ओल लागली की सगळा माल फुकट. ओलीला भिणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलीत. पण अक्का ओलीला भ्यायची नाही. ती तिच्याशी शेजारणीसारखी वागायची, आज आलीस का, बरं बस.

आता रुटाबाईचं सांगते.

अक्काला एकच मुलगी, सुनंदा. ती नर्स झाली आणि थंडीच्या मुलखात कुठंतरी म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. एका दिवाळीला आली तेव्हा तिनं बियांची एक पुडी आणली. बी मोहरीएवढं, काळपट गोल. म्हणाली, तिकडं ह्याचा गड्डा शिजवून घोटून सगळ्या म्हाताऱ्यांना देतात, गोड लागतो, आपल्या मुळ्यासारखा जमिनीत येतो, बाहेरून जांभळा, आत पिवळा. त्याचं नाव रुटाबागा. अक्कानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि ठरवून टाकलं की ही बाई आहे. रुटाबाई. "परमुलखातली पाव्हणी हाय," म्हणाली, "बाईमाणूसच असणार."

आमच्याकडं ज्वारी-हरभरा सोडला तर जे काही पेरायचं ते मृगात. बाजरी, तूर, मूग, उडीद, सगळं मृगात. दुसरं कुणाच्या डोक्यात येतच नाही. अक्कानं रुटाबाईही मृगातच पेरली, घरामागच्या परसात. पाला असा माजला की गुडघ्याला लागला. दसऱ्याला उपटून बघितलं तर खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ. शिजवलं तर कडू, आणि दात लावावा तर दोरी. म्हशीला टाकलं. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

हे सगळं तिच्या धाकट्या दिरानं, बाबूरावनं बघितलं. बाबूराव वाईट माणूस नव्हता. भावजयीला कधी उलटं बोलला नाही, वर्षाचं धान्य, साडीचोळी न चुकता घरपोच द्यायचा. फक्त त्याला उसापुढं काही दिसायचं नाही. त्याच्या सगळ्या रानात ऊस, आणि त्या उसाच्या मधोमध विहिरीलगत अक्काची वीस गुंठ्यांची पट्टी. नवरा वारल्यावर तिच्या नावावर झालेली. नाव तिचं, पण विहिरीवरची मोटार दिराची, ट्रॅक्टर दिराचा, त्यामुळं त्या पट्टीतही ऊस दिराचाच. वीस वर्षं असंच चाललं होतं. अक्काला त्या पट्टीत स्वतःच्या मनानं काहीतरी पेरायचं होतं. काय, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. पण आपल्या रानात उभं राहून हवेला विचारावं आणि हवेनं सांगितलेलं स्वतःच्या हातानं करावं, एवढं तिला हवं होतं. मला हे ती शंभरदा बोलली असेल. दिराला एकदाच बोलली, आणि ते येळवशीला.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात, पुस्तकात वेळ अमावस्या. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी करायची, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा करायची आणि मग जेवायचं. आंबील, बाजरीचे उंडे, खीर, आणि रानात मिळेल तो सगळा हिरवा पाला आणि शेंगा घालून केलेली भज्जी. बांधावरून जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं.

त्या येळवशीला बाबूरावच्या कोपीत आम्ही पंधरावीस माणसं जेवत होतो. त्यानं रुटाबाईचा विषय काढला, म्हशीनं सुद्धा वयनीचं कौतुक केलं न्हाय, म्हणाला. सगळे हसले. अक्काही हसली. मग हात तसाच ताटात ठेवून म्हणाली की पुढच्या वर्षी मी ती माझ्या पट्टीत लावणार आहे, ऊस निघाला की पट्टी मोकळी ठेवा. वीस वर्षांत ती पहिल्यांदा माझी पट्टी म्हणाली होती.

बाबूराव विचार करून बोलणारा. त्यानं भात कालवला, एक घास खाल्ला आणि मग म्हणाला, "ठीक हाय वयनी. एक वरीस पट्टी मोकळी ठेवतो. पुढच्या येळवशीला ह्याच कोपीत तुमची रुटाबाई वाढा. म्या दुसऱ्यांदा मागून घेतली, तर पट्टी तुमची, काय पिकवायचं ते पिकवा. न्हाय मागितली, तर परत पट्टीचं नाव काढायचं न्हाय."

ह्यावर त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली आणि आम्हीही सगळ्या हसलो. कारण बाबूराव जन्मात काही दुसऱ्यांदा मागत नसे. पुरणपोळी असो की मटण, एकदा वाढलेलं खायचं आणि उठायचं. बायकोनं बळंच वाढलं तर ताटावर आडवा हात. त्याच्या लग्नातसुद्धा सासूला वाटलं होतं की जावई रुसला.

अक्का म्हणाली, "ठरलं भावजी," आणि जेवू लागली.

मी तिला घरी येताना म्हणाले की तू हरलीस. ती म्हणाली, "का गं? त्येचं त्वांड हाय, भिंत न्हाय."

मग तिनं काय काय केलं ते सांगायला हवं, कारण ती बाई काय होती ते त्यातच आहे.

आधी तिनं सुनंदाला फोन लावला आणि रुटाबाईला काय सोसतं, काय सोसत नाही ते विचारून घेतलं. सुनंदानं तिकडच्या कुणाला विचारून सांगितलं. पंधरा ते अठरा अंश असलं की ती सुखात वाढते. चोवीसपर्यंत कसंबसं सोसते. त्याच्या वर रोज गेलं की मूळ कडू होतं, आत दोऱ्या धरतात. थंडी जास्त पडली तर उलट गोडी वाढते. जमीन कायम ओलसर पाहिजे, पण पाणी तुंबता कामा नये. आणि हवा फार कोरडी असली, एकदा सुकून एकदा भिजली, तर गड्डा तडकतो.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "अंश म्हंजे किती गं थंडी?"

मी काय सांगणार? मी म्हणाले शाळेत एक काचेची नळी होती, तिच्यात बघतात.

दुसऱ्या दिवशी ती खोबरेल तेलाची बाटली पदराखाली धरून शाळेत गेली. पौष महिना, सकाळची वेळ, तेल बाटलीत पांढरं दगड झालेलं. गुरुजींकडून तिनं ती नळी मागून घेतली, ओट्यावर सावलीत नळी आणि बाटली शेजारी शेजारी ठेवल्या आणि समोर मांडी घालून बसली. गुरुजींना सांगून ठेवलं की दर थोड्या वेळानं नळीतला आकडा मला वाचून दाखवा. गुरुजी बिचारे वर्गातून उठून यायचे, सोळा, अठरा, एकवीस असं सांगून परत जायचे. मुलांचा अभ्यास गेला, सगळी बाटलीभोवती. दहाच्या पुढं तेलाच्या कडेनं पाणी सुटलं. अक्का ओरडली, "गुर्जी, आता." गुरुजी पळत आले. चोवीसला पारा टेकत होता. सगळं तेल पातळ होईपर्यंत तो पंचवीसवर गेला. तिनं बाटली उचलली, गुरुजींना दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि घरी आली. भिंतीवरून मला म्हणाली, "तेल गोठलेलं हाय तवर रुटाबाई खूश. तेल इतळलं की तिला घाम. आता मला नळी नको."

त्या दिवसापासून ती बाटली विहिरीवरच्या लिंबाला, बांधाच्या बाजूला सावलीत टांगलेली. गावात लोक म्हणायला लागले की म्हातारीनं झाडाला तेल लावायला सुरुवात केली. तिला त्याचं काही नाही.

हवेतल्या ओलीसाठी तिनं दुसरं काढलं. जुन्या साडीची हातभर चिंधी पाण्यात बुडवून पिळायची आणि तुरीच्या झाडाला अडकवायची. मग विहिरीवर एक भांडं घासायचं, दुसरं घासायचं. चार भांडी घासून होईपर्यंत चिंधी वाळली तर हवा तहानलेली आहे, त्या दिवशी रुटाबाईला पाणी शिंपायचं. भांडी संपून हात धुवून झाले तरी चिंधी ओली असली तर आज पाणी नाही. एकदा तालुक्याहून शेतीखात्याचा साहेब गावात आला होता, त्याच्याकडं दोन नळ्यांचं यंत्र होतं, एका नळीला ओलं फडकं गुंडाळलेलं. तो सगळ्यांना हवेतली ओल कशी मोजतात ते समजावत होता. अक्का पुढं होऊन ते फडकं बोटांनी चाचपून आली आणि मला म्हणाली, "माझीच चिंधी हाय. नुसती काचंवर बसिवलीय."

पेरणीही तिनं मृगात केली नाही. गणपती उठले, घट बसायला आठ दिवस होते, तेव्हा केली. शेजारपाजारच्या बायका हसल्या की ज्वारीच्या वेळेला ही कसली पेरणी. तिनं येळवशीपासून मागं बोटांवर शंभर दिवस मोजले होते, कारण सुनंदा म्हणाली होती तेवढे लागतात. पट्टीच्या मावळतीच्या बाजूला तिनं मृगातच तुरीच्या चार दाट ओळी लावून ठेवल्या होत्या. दुपारनंतरचं ऊन त्या अडवायच्या. ऑक्टोबरात आमच्याकडं हवा अशी तापते की उन्हाळा परत फिरल्यासारखं वाटतं. त्या महिन्यात तिनं चार मेढी रोवून वर गोणपाट टाकलं आणि दिवसातून तीनदा त्याच्यावर पाणी मारलं. पोरं त्याला अक्काचा कूलर म्हणायची. पाणी पहाटे द्यायची, दुपारी कधी नाही. दुपारचं पाणी म्हणजे तापलेल्या बाळाला गरम दूध, म्हणायची.

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली. ढोकीच्या रस्त्यानं ट्रॅक्टर जायला लागले. बाबूरावच्या एका तुकड्याचा ऊस निघाला, मागं पाचटाचा ढीग राहिला. तो पाचट पेटवून द्यायचा. अक्का त्याच्याकडं गेली आणि पाचट मागितलं. तो म्हणाला न्या की, मला काय करायचंय. तिनं आणि मी चार दिवस पाचट वाहिलं. रुटाबाईच्या ओळींमधून ते वीतभर जाड अंथरलं. त्याखाली हात घातला की माठाला हात लावल्यासारखं गार. बाबूराव रोज बांधावरून जाताना बघायचा, काही बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "वयनी, माझ्याच पाचटानं माझीच पट्टी न्यायला निघालाव." अक्का म्हणाली, "तुमचं पाचट व्हतं तवर पेटत व्हतं, भावजी. माझं झालं तर निजलंय बघा कसं."

मार्गशीर्ष लागला. तेल न्याहारीच्या पुढंपर्यंत गोठलेलं राहायला लागलं. पाल्याखाली गड्डे दिसायला लागले, वरून जांभळे, नारळापेक्षा थोडे लहान. अक्का कुणाला हात लावू द्यायची नाही. मला फक्त वाकून बघायची परवानगी होती.

आणि मग मी माती खाल्ली.

येळवशीच्या दोन दिवस आधीपासून बायका भज्जीसाठी पाला आणि शेंगा गोळा करत फिरतात. हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात, मेथी, पावटा, वाटाणा, तुरीच्या शेंगा. कुणाच्याही रानातून खुडायचं, विचारायची रीत नाही. उलट विचारलं तर राग येतो, मी काय परका का. मी सकाळी परडी घेऊन निघाले. धुकं होतं. तुरीच्या शेंगा खुडत खुडत विहिरीपर्यंत आले. समोर लुसलुशीत हिरवा पाला. मोहरीसारखाच वास. इतकी वर्षं हात जसा चालतो तसा चालला. दोन ओळी भादरून झाल्यावर खाली जांभळं काहीतरी दिसलं तेव्हा कुठं हात थांबला. एकूण ओळी तीन होत्या.

मी पळून गेले नाही. परडी तशीच घेऊन अक्काच्या दारात गेले आणि सांगितलं. ती चुलीपुढं होती. उठली आणि रानात गेली. मी मागं. तिनं ओळींकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता एवढ्या वर्षांचा शेजार संपला.

"हवेला इचारलं व्हतंस का?" ती म्हणाली.

मी म्हणाले, "न्हाय."

"मंग बस हितं."

तिची काळजी अशी होती की डोक्यावरची सावली गेल्यावर दुपारचं ऊन उघड्या गड्ड्यांवर पडणार, आणि दोन दिवसांत ते तापून शेवटी कडू होणार. पाचट होतं, पण खांदे वर उघडे होते. तिनं गोणपाटं भिजवून आणली आणि एकेक गड्डा तापलेल्या लेकरासारखा झाकला. ती वाळू द्यायची नाहीत, हे काम माझं. दोन दिवस मी त्या बांधावर तांब्या घेऊन बसले. जेवायलाही घरी गेले नाही, भाकरी तीच आणून द्यायची, आणि देताना एकदा म्हणाली, "पाला तरी नीट निवड. भज्जीत किडा निघाला तर म्हणतील रुटाबाईचा हाय." त्या बाईला त्या वेळीही हसू येत होतं. मला येत नव्हतं.

पण हवा तिच्या बाजूची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अशी थंडी उतरली की तोंडातून वाफ निघत होती आणि बाटलीतलं तेल दुपार झाली तरी हललं नाही. अक्का बाटली उलटी करून माझ्या डोळ्यांपुढं धरायची आणि म्हणायची, "बघ. हाय तसंच." तासातासाला येऊन दाखवायची.

येळवशीला पहाटे तिनं गड्डे उपटले. तीन ओळींत मिळून एक पाटी. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजले, वरची काळी साल काढली आणि आतला गाभा हातानं कुस्करला. पिवळाधमक, हळद घातल्यासारखा. त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याचं कूट आणि लोण्याचा गोळा. सुनंदानं घोटून लोणी घाला एवढंच सांगितलं होतं. मिरची अक्काची. मी चव मागितली तर दिली नाही. म्हणाली, "तू पाला खाल्लास ना."

कोपीत पूजा झाली. पंगत बसली. बाबूराव मधे. अक्कानं सगळ्यांना वाढत वाढत त्याच्या ताटात रुटाबाईचं भरीत वाढलं, ना जास्त ना कमी. उंडा मोडून त्यानं एक घास घेतला. मग दुसरा. मान खाली. सगळ्यांचे घास हातात. त्यानं खीर खाल्ली, आंबील प्याला, भज्जी खाल्ली, त्यात माझा पाला होता. ताटातलं भरीत त्यानं बोटानं पुसून खाल्लं. मग ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाला, "झालं माझं."

उठून हात धुतला आणि बांधाकडं गेला.

त्याची बायको रडवेली झाली. जाऊबाई, मी बोलते त्यांना, असं म्हणायला लागली. अक्कानं तिला गप्प केलं. स्वतः ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसली. मी मात्र ताट पुढं सारलं, कारण पाला मी खुडला होता.

अक्काचं जेवण अर्ध्यावर आलं असेल. बाबूराव परत आला. कोपीच्या दारात वाकून आत बघितलं, मग येऊन आपल्या जागेवर परत मांडी घातली. उष्टं ताट तिथंच होतं. ते त्यानं पुढं ओढलं.

"वाढा, वयनी," म्हणाला.

अक्कानं डाव्या हातानं खिरीचं भांडं पुढं सरकवलं. त्यानं नकाराची मान हलवली. तिनं आंबिलीची बिंदगी पुढं केली. त्यानं परत मान हलवली.

"मग काय वाढू, भावजी? नाव घ्या की."

बाबूरावनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. "रुटाबाई," म्हणाला. "रुटाबाई वाढा."

हसण्याचा असा लोंढा आला की कडब्याची कोपी हलली. बाबूराव स्वतः इतका हसला की त्याला ठसका लागला. अक्का उठली, खरकट्या हातानंच, आणि पातेल्यातला मोठा गोळा त्याच्या ताटात टाकला. मग तिसऱ्यांदाही त्यानं मागितलं, आणि कुणाला कळायच्या आत चौथ्यांदा. चाळीस वर्षांचं न मागितलेलं त्यानं एका दिवसात मागून घेतलं, त्याची बायको म्हणाली.

संध्याकाळी दिवस बुडताना कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवायची रीत आहे. हेंडगा म्हणतात. ज्याचं रान तो फिरवतो, आणि गडीच फिरवतात. बायका कोपीपुढं उभ्या राहून बघतात. बाबूराव पेटती पेंढी घेऊन आरोळी देत आपल्या उसाभोवती पळाला. एरवी तो अक्काच्या पट्टीलाही त्यातच वळसा घालून यायचा. त्या दिवशी पट्टीच्या बांधावर येऊन थांबला. पेंढी अर्धी जळाली होती. त्यानं ती अक्कापुढं धरली.

"ह्येच्या म्होरं तुमचं रान," म्हणाला.

अक्कानं पदर खोचला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई ती तेव्हा. पेंढी घेतली आणि निघाली, आधी चालत, मग पळत. गल्लीत चालायची तशीच, लांब ढांगा टाकत. ठिणग्या तिच्या मागं पडत होत्या आणि ती हसत होती, ते हसू पार नदीपर्यंत जात असणार. आरोळी तिला येत नव्हती, कधी दिलीच नव्हती, म्हणून ती नुसतं ओरडत होती, रान माझं, रान माझं. बाबूराव बांधावर कमरेवर हात ठेवून बघत होता आणि बायका टाळ्या वाजवत होत्या. त्यानंतर चार वर्षं ती माझ्या शेजारी होती, रोज भिंतीवरून बोलायची, पण अक्का म्हटलं की मला ती तिथंच दिसते, त्या अंधारायला लागलेल्या पट्टीत.

चौथ्या कोपऱ्यावर ती थांबली. धाप लागली होती. तिथून मला हाक मारून म्हणाली, "अनसे, कोपीत कुत्रं शिरलंय. पातेलं झाक."

मी आत जाऊन बघितलं. झाकण्यासारखं पातेल्यात काही उरलं नव्हतं.